गणपतीतल्या रविवारी संध्याकाळी पायी चालताना दुचाकीने उडवलं. बारा दिवस झाले, आता भरपाईसाठी काय करायचं?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. आधी घटना, मग प्रश्न.

पुणे, पेठेतला एकेरी रस्ता. गणपतीतला रविवार, रात्री सव्वाआठचा सुमार. शेजारच्या काकू (वय ५२) देखावे बघायला निघाल्या होत्या. एका मंडपाने अख्खा फूटपाथ आणि रस्त्याचाही काही भाग व्यापला होता. त्यामुळे सगळी माणसं मंडपाच्या दोरीबाहेरून, म्हणजे रस्त्यावरूनच चालत होती. उलट्या दिशेने आलेल्या स्कूटरने काकूंना धडक दिली. उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड घातला. बिल १ लाख ८५ हजार, त्यातले १ लाख मेडिक्लेममधून आले.

स्कूटरवाला मुलगा "सगळा खर्च देतो" म्हणाला, मोबाईल नंबर दिला आणि गेला. कुणीतरी प्लेटचा फोटो काढला होता, पण शेवटचा अंक ३ आहे की ८ ते कळत नाही. त्या रात्री चौकीत बंदोबस्ताची धावपळ होती. तीन दिवसांनी गेलो तेव्हा नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली. आता मुलाचे वडील म्हणतात, ४० हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करून विषय मिटवा.

काकू घरी ब्लाऊज, फॉल-पिको करतात. महिन्याला साधारण १४ हजार सुटतात, हिशेब वहीत आहे.

प्रश्न:
१) बारा दिवसांनी एफआयआर होईल का, आणि उशिरामुळे दावा पडेल का?
२) काकू फूटपाथवर नव्हत्या, रस्त्यावर होत्या. दोष त्यांच्यावर येईल का? मंडळालाही जबाबदार धरता येईल का?
३) स्कूटरचा विमा नसला तर?
४) ४० हजार घ्यावेत का?
५) रक्कम कशी ठरते?

---

काळा_डगला

पहिल्यांदा एफआयआर. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत 'गंभीर दुखापत' आहे. त्यामुळे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) आणि कलम १२५(ब) लागतं. हे दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घेऊन तपास करायचा असतो, इथे एनसीवर भागत नाही. उशिराची भीती बाळगू नका. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून अपघाताचा दावा फेटाळता येत नाही. घरचे लोक आधी जखमीला दवाखान्यात नेणार, चौकीत नाही. पण उशिराचं कारण फिर्यादीत लिहिलेलं हवं: रविवार रात्री दाखल, सोमवारी ऑपरेशन, अमुक तारखेला चौकीत गेलो, एनसीचा क्रमांक अमुक. चार ओळी पुरतात.

फिर्याद काकूंनीच द्यायला हवी असं नाही. ज्याला घटना माहीत आहे असा कुणीही देऊ शकतो. लेखी घेऊन जा आणि पोच घ्या. ईमेलने पाठवलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नोंदवलीच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस उपायुक्तांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यानंतरही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज. बहुतेक वेळा उपायुक्तांच्या पोस्टाची पावती दाखवली की ठाण्यातच काम होतं.

फिर्यादीत हे स्पष्ट यायला हवं: मंडपामुळे फूटपाथ बंद होता, काकू दोरीला लागून चालत होत्या, रस्ता एकेरी होता, स्कूटर उलट्या दिशेने आली. 'काकू रस्त्याने जात असताना' असं मोघम लिहिलं की पुढे दोन वर्षं त्या एका वाक्याचा खुलासा करत बसावं लागतं. घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा अजून झालेला नसणार. तो होईल तेव्हा तुमच्यापैकी एकाने तिथे हजर राहा. 'रस्त्याच्या मधोमध' आणि 'मंडपाच्या कडेला' या दोन शब्दप्रयोगांत वीस-तीस टक्के रकमेचा फरक पडू शकतो.

नंबरबद्दल: ३ की ८ याचा अंदाज करू नका. एमपरिवहन या सरकारी अॅपवर दोन्ही क्रमांक टाकून बघा. एक बहुधा वेगळ्याच कंपनीची गाडी, ट्रक किंवा कार निघेल. तरी फिर्यादीत 'शेवटचा अंक अस्पष्ट, फोटो सोबत जोडला आहे' असंच लिहा आणि मुलाने दिलेला मोबाईल नंबरही द्या. आधी एक नंबर आणि मग पुरवणी जबाबात दुसरा असं झालं, की विमा कंपनी 'गाडी नंतर घुसवली' म्हणते. आणि मुलाकडे लायसन नाही म्हणून चालक म्हणून त्याच्या वडिलांचं नाव लिहायला कुणी सुचवलं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आता मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत. आदेश अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर झोपू नका. सहा महिन्यांच्या आतच दाखल करा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. अपघात जिथे झाला, काकू जिथे राहतात किंवा गाडीमालक जिथे राहतो, यांपैकी कुठेही चालतो. तुमच्या बाबतीत सगळं पुण्यातच आहे, म्हणजे शिवाजीनगरला. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. दवाखान्याच्या जिन्यात गाठून 'मिळेल त्याच्या वीस टक्के' म्हणणाऱ्या माणसाला काही देऊ नका. टक्केवारीवर वकिली करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि तो माणूस बहुधा वकीलही नसतो.

---

डीव्हीआरवाला

वरच्या ताईंनी कायदा सांगितला. पण तुमचं घड्याळ सहा महिन्यांचं नाही, या आठवड्याचं आहे.

सणाच्या संध्याकाळच्या अपघातात अडचण अशी की जागाच नाहीशी होते. विसर्जन झालं की मंडप, दोऱ्या, लाइटिंग सगळं उतरतं. महिन्याभराने पंचनामा केला तर तिथे मोकळा रुंद रस्ता आणि रिकामा फूटपाथ दिसणार, आणि वाचणारा विचारणार, बाई रस्त्यावर का होत्या? म्हणून मंडप होता, केवढा होता, हे आधी पक्कं करा. मंडपाच्या परवानगीत लांबी-रुंदी लिहिलेली असते. क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकारात परवानगी आणि नकाशाची प्रत मागा. प्रत्यक्षातला मंडप परवानगीपेक्षा मोठा होता का, तेही त्यातून कळेल. खांबांसाठी घेतलेले खड्डे अजून बुजवले नसतील किंवा नुकतेच डांबर टाकून बुजवले असतील. टेप लावून फूटपाथच्या कडेपासून ते किती फुटांवर आहेत याचे फोटो काढा. टेपवरचा आकडा फोटोत वाचता आला पाहिजे.

आता कॅमेरे. रस्त्यावरच्या दुकानांत साधारण चार ते आठ कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असते. रेकॉर्डिंगच्या दर्जाप्रमाणे ती दहा-पंधरा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. तुम्ही बाराव्या दिवशी आहात. रविवारी दुकान बंद होतं म्हणून तिकडे बघितलंच नसेल, तर लक्षात घ्या की शटर बंद असलं तरी बाहेरचा कॅमेरा चालू असतो. आजच जा.

मंडळाचे स्वतःचे कॅमेरे असतील तर डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) बहुधा भाड्याचा असतो. तो आता पुरवठादाराकडे परत गेलेला असेल, आणि नवरात्राला दुसऱ्या मंडळाकडे जाण्याआधी डिस्क फॉरमॅट होते. मंडळाच्या अध्यक्षांकडून पुरवठादाराचा नंबर घ्या आणि ती डिस्क बाजूला काढून ठेवायला सांगा. नवी डिस्क विकत देऊन जुनी ठेवून घ्यायची तयारी दाखवलीत तर कुणी नाही म्हणत नाही. खर्च चार-पाच हजारांच्या आत.

फूटेज घेताना नेहमी होणाऱ्या चुका: टीव्हीवर लावून मोबाईलने शूट करणं. हा पुरावा म्हणून फार लंगडा पडतो. डीव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करा, सव्वाआठची नुसती दोन मिनिटं नको, आठ ते नऊ असा पूर्ण तास घ्या. स्कूटर रस्त्यात कुठून शिरली हे आधीच्या दहा मिनिटांत सापडतं. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर क्वचितच असतं. त्याच्या स्क्रीनशेजारी मोबाईलचं घड्याळ धरून एक फोटो काढा, म्हणजे फरक किती मिनिटांचा आहे याची नोंद राहते. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल नंतर बदलली नाही हे पडताळायचा तिचा आकडी ठसा) त्यात लिहायची असते. दुकानदार कागदपत्रांना घाबरतो, म्हणून तपास अधिकाऱ्याला त्याच्या नावे पत्र द्यायला लावा. चौकातले पोलिसांचे कॅमेरे तुम्हाला थेट मिळणार नाहीत, तेही तपास अधिकाऱ्यानेच मागवायचे. फिर्यादीतच दिनांक, वेळ आणि चौकाचं नाव लिहून फूटेज जतन करण्याची विनंती करा.

गर्दीतल्या लोकांचे मोबाईल व्हिडिओ ही सणाची एक जमेची बाजू. देखाव्याचा व्हिडिओ काढणाऱ्या दहांपैकी एकाच्या फ्रेममध्ये रस्ता असतोच. पण व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दबतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. प्लेटचा तो फोटोही तसाच मागवा, मूळ फाइलमध्ये ३ की ८ कदाचित स्पष्ट दिसेल.

आणि साक्षीदार: दोरी धरणारे कार्यकर्ते सगळ्यात उत्तम, कारण ते रोज त्याच जागी उभे होते. फुगेवाले, भेळवाले गाव बदलतात, त्यांचे नंबर आधी घ्या.

---

तिसरा_मजला

दुकानाचं फूटेज बघायला आजच जातो. ताई, मंडळाबद्दल राहिलं. आणि काकू रस्त्यावर होत्या याचं काय?

---

काळा_डगला

पादचारी रस्त्यावर होता म्हणजे तो दोषी, असं समीकरण नाही. सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे जखमीचीही चूक होती हे, विमा कंपनीने पुराव्याने दाखवावा लागतो, आणि ज्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला तोच धरला जातो. फूटपाथच बंद असेल तर माणूस जाणार कुठून? उलट गर्दी, दोऱ्या, लहान मुलं दिसत असताना वेग कमी करणं चालकाचं काम, आणि इथे तर तो एकेरी रस्त्यात उलटा शिरलेला. त्या दिवसाच्या वाहतूक बदलाचा आदेश वाहतूक शाखेने काढला असेल तर त्याची प्रतही जोडा. काही वेळा सणात एकेरी रस्ते तात्पुरते दुतर्फा करतात. तसं झालं असेल तर 'उलट दिशा' हा मुद्दा कोसळतो, म्हणून आधी खात्री करा.

मंडळाचं म्हणाल तर दाव्यात त्यांना सामील करू नका, असा माझा सल्ला. कायद्याने दार पूर्ण बंद आहे असं नाही, पण तुमचे सगळ्यात चांगले साक्षीदार त्यांचेच कार्यकर्ते आहेत. प्रतिवादी केलंत की ते गप्प होतात. गरजही नाही. विमा कंपनी म्हणालीच की चूक मंडळाची, तर तो काकूंचा दोष ठरत नाही. दोन तिऱ्हाइतांच्या चुकीने इजा झाली असेल तर जखमी पूर्ण रक्कम दोघांपैकी एकाकडून मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. आपसातली वाटणी त्यांची त्यांनी बघावी.

---

थर्ड_पार्टी_डेस्क

विमा आणि ४० हजारांबद्दल.

स्कूटरचा क्रमांक पक्का झाला की एमपरिवहनवर पॉलिसीची मुदत दिसते. कंपनी कुठली ते विमा माहिती ब्युरोच्या व्ही-सेवा सुविधेतूनही सापडतं. आजच स्क्रीनशॉट काढा. बघायचं ते अपघाताच्या तारखेला आणि वेळेला विमा होता का. पॉलिसीवर सुरू होण्याचा तास-मिनिट छापलेला असतो. अपघातानंतर घाईने काढलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही, आणि असा प्रयत्न सुटीच्या रात्री मोबाईलवरून सर्रास होतो.

नुसता थर्ड पार्टी विमा असला तरी पुरे. पादचारी हा तिऱ्हाईतच, आणि त्याच्या शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची कमाल मर्यादा नाही. मुलाकडे लायसन नव्हतं तर कंपनी हात वर करते, पण अशा प्रकरणांत न्यायाधिकरण सहसा 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतं. गाडी विकलेली पण आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) जुनंच नाव असेल तर आरसीवरचा मालक जबाबदार. त्यामुळे 'गाडी माझी नाही' ऐकून परत फिरू नका.

विमाच नसेल तर मालकाच्या खिशातून. इथे गाडी हाच तुमचा दोर. एफआयआरनंतर गाडी जप्त झाली की मालक ती सोडवायला न्यायालयात अर्ज करतो. विमा नसलेली गाडी पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडू नये असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. म्हणून मालकाच्या अर्जावर हरकत नोंदवा, म्हणजे तारण मागता येतं. गाडी सुटली की मग माणूस भेटत नाही.

एफआयआर झाल्यावर पोलिसांवरही वेळापत्रक आहे, २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे: ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, १० दिवसांत तुम्हाला हक्कांची माहिती देणारा नमुना २, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे. काकूंनी ६० दिवसांत नमुना ६ भरून द्यायचा: उत्पन्न, उपचार, बँक खातं वगैरे. प्रत्यक्षात या तारखा पाळल्या जातातच असं नाही, पण 'साहेब, नमुना ६ द्या' असं नाव घेऊन मागितलं की समोरचा माणूस कागद शोधतो. सविस्तर अहवालानंतर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथे देकार येतो. पहिला देकार स्वीकारण्याची सक्ती नाही.

दोन वाटा आहेत, त्यांत घोटाळा करू नका. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता. कलम १६६ खाली चूक सिद्ध करायची, पण रकमेला मर्यादा नाही. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. अंगठा-सही करण्याआधी कागदावर कलम कुठलं ते वाचा. तुमच्या प्रकरणात १६६ योग्य वाटतं, कारण उलट दिशेचा पुरावा मिळण्यासारखा आहे.

गाडी शेवटपर्यंत सापडलीच नाही तर तिसरी वाट: पळून गेलेल्या वाहनांसाठीची २०२२ ची योजना. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. अर्ज नमुना १ मध्ये प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. तुमच्याकडे मोबाईल नंबर आणि फोटो असताना इथपर्यंत येऊ नये.

४० हजार: 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही नको, कितीही गरज असली तरी. पैसे घ्यायचेच असतील तर बँक खात्यात घ्या आणि पावतीवर लिहा, 'उपचाराच्या खर्चापोटी तात्पुरती रक्कम, भरपाईचा हक्क राखून'. ती पुढे एकूण रकमेतून वजा होईल, एवढंच. रोखीने काही नको.

---

हाडवैद्य_नव्हे

वैद्यकीय कागदांवर कुणी बोललं नाही, आणि दावे तिथेच अडकतात.

दवाखान्यातून पूर्ण केसपेपर मागवा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. पहिल्या पानावर इजेचं कारण काय लिहिलंय ते आज बघा. रविवारी रात्री कॅज्युअल्टीत गर्दी असते, सोबत आलेला नातेवाईक घाईत 'पडल्या' म्हणतो, तेच लिहिलं जातं. कधी मेडिक्लेमला अडचण नको म्हणून घरचेच 'घरात पाय घसरला' सांगतात. विमा कंपनीचा तपासनीस सगळ्यात आधी हेच पान काढतो. चुकीचं असेल तर खाडाखोड करायला सांगू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विनंती द्या, ते आजच्या तारखेने स्वतंत्र नोंद करतील. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या रुग्णाची दवाखान्यातली नोंद) झाली होती का, तिचा क्रमांक काय, आणि पोलिसांना कळवल्याची पोच आहे का, तेही विचारा.

होळीला, ३१ डिसेंबरला असा धागा शोधत येणाऱ्यांसाठी: जखमीच्या कागदावर 'दारूचा वास' अशी ओळ असली तर कंपनी ती धरून बसते. वास म्हणजे रक्तातलं प्रमाण नव्हे, आणि पिऊनही कडेने चालणाऱ्याला मागून उडवलं तर दोष चालकाचाच. चालकाच्या बाबतीत मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ. त्याची तपासणी त्याच रात्री झाली तरच अर्थ, दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. तसंच, मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. ११२ ला फोन करून नेमलेलं रुग्णालय विचारा. तुमचे सात दिवस गेले.

अपंगत्वाचा दाखला: हाड जुळायला चार-सहा महिने, कधी जास्त. दाखला त्यानंतरच योग्य. इथे सहा महिन्यांच्या मुदतीशी टक्कर होते आणि लोक 'दाखला आला की दावा करू' म्हणत थांबतात. थांबू नका, दावा आधी, दाखला नंतर सादर करता येतो. त्यात नुसते टक्के नकोत. घोटा आणि गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो, पाय आखूड झाला असेल तर किती मिलिमीटर, मांडी घालता येते का, हे लिहून घ्या. नडगीतल्या रॉडनंतर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणं बऱ्याच जणांना राहतं, ते प्रत्येक भेटीत केसपेपरवर आलं पाहिजे. काकूंची मशीन पायाची असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, म्हणून यायला तयार असणारे डॉक्टर निवडा. रॉड पुढे काढायचा असेल तर खर्चाचा अंदाज लेटरहेडवर आत्ताच घ्या.

---

वहीखाते

रकमेचा हिशेब, म्हणजे ४० हजार कुठे बसतात ते दिसेल.

उत्पन्न १४,००० × १२ = १,६८,०००. स्वतःचा व्यवसाय, वय ५० ते ६०, म्हणून भविष्यातल्या वाढीसाठी १० टक्के (प्रणय सेठी निकाल, २०१७): १,८४,८००. वय ५१ ते ५५ ला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा, वयाप्रमाणे ठरलेला आकडा) ११ (सरला वर्मा निकाल, २००९): २०,३२,८००. यातून कमाईच्या क्षमतेची हानी काढतात. ती १२ टक्के धरली तर २,४३,९३६; २० टक्के धरली तर ४,०६,५६०. पायाचे २० टक्के म्हणजे कमाईचे २० टक्के नव्हेत. कधी कमी, कधी जास्त. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) हा निकाल त्यावरच आहे. पायमशीनवर बसणाऱ्या बाईला उजवा घोटा आखडणं आणि टेबलावरच्या कारकुनाला आखडणं यात फरक करावाच लागतो. मात्र 'मोटार बसवून घ्या' असं उत्तर येणार, त्याची तयारी ठेवा: मोटारीचं पेडलही पायानेच दाबतात.

त्यात मिळवा: बंद राहिलेल्या महिन्यांचं उत्पन्न (पाच महिने धरले तर ७०,०००), उपचार १,८५,०००, मदतनीस, रिक्षा, आहार, पुढचं ऑपरेशन, वेदना. शिवाय व्याज.

मेडिक्लेमचे १ लाख यातून वजा करायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तसा निर्णय दिला आहे. हप्ता तुम्ही भरलेला असतो. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीने ठेवून घेतली असतील तर त्यांच्याकडून शिक्क्याच्या प्रती आणि सेटलमेंट पत्र घ्या. औषधांच्या प्रत्येक बिलाला चिठ्ठी जोडलेली हवी. रिक्षाच्या पावत्या नसतात, तर तारीखवार यादी करा आणि ती फॉलोअपच्या तारखांशी जुळली पाहिजे.

उत्पन्नाचा पुरावा हा घरगुती शिलाईकामाचा कच्चा दुवा. वही चांगली, पण एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते. नवी बनवू नका, आहे तीच द्या. यूपीआयचं वर्षभराचं स्टेटमेंट, अस्तर-दोऱ्याच्या घाऊक खरेदीची बिलं, दोन-तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं, असलीच तर उद्यम नोंदणी. आणि गणपती ते दिवाळी हा शिवणाचा हंगाम. गेल्या वर्षीच्या याच महिन्यांची पानं वेगळी दाखवा, कारण बुडालेले महिने सरासरीचे नव्हते. यातलं काहीच टिकलं नाही तरी शून्य धरत नाहीत. किमान वेतन किंवा गृहिणीच्या कामाचं मूल्य धरून न्यायाधिकरण आकडा ठरवतं, पण तो तुमच्या १४ हजारांपेक्षा खाली येऊ शकतो.

---

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. केसपेपरवर 'रस्त्यावर पडल्या' असंच निघालं, डॉक्टरांना अर्ज दिलाय. दुकानाच्या डीव्हीआरमध्ये मागच्या मंगळवारपासूनचंच आहे, रविवार गेला. मंडळाच्या पुरवठादाराकडची डिस्क मात्र अजून तशीच आहे, उद्या जातोय. एक बारीक प्रश्न: त्या संध्याकाळची साडी आणि तुटलेली चप्पल घरात आहे. ठेवायची का?

---

डीव्हीआरवाला

ठेवा, धुऊ नका. स्कूटरचा रंग किंवा टायरचा काळा डाग लागलेला असेल तर कामाचं. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरून बुरशी येते; वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. साध्या खाकी कागदात दोन वेगळ्या पुड्या करा, वर तारीख लिहा, आणि तपास अधिकाऱ्याने मागितल्या तर जप्ती पंचनामा करूनच द्या, नुसत्या हातात देऊ नका. उद्या डिस्क आणायला जाताना पुरवठादाराकडून 'अमुक क्रमांकाची डिस्क, अमुक मंडळात अमुक तारखांना बसवली होती' एवढं दोन ओळींत लिहून सही घ्या. डिस्कवर अनुक्रमांक छापलेला असतो, त्याचा फोटो तिथेच काढा. आणि घरी आणून ती कॉम्प्युटरला जोडून बघायचा मोह आवरा. विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारतं आणि कुणीतरी 'हो' दाबतं.